चक्की बंद पाडायची वही

श्रावण वद्य ३. दुपारी, जेवणं झाल्यावर.

ही वही नातवाने दिली, अच्युतने. त्याच्या कॉलेजातली गेल्या सालची डायरी, कोरीच राहिलेली. छापलेल्या तारखा सगळ्या चुकीच्या, म्हणून मी वर तिथी घालते. मराठी चार इयत्ता शिकले आहे. अक्षर माझं बंडूपेक्षा बरं, आणि बंडू, माझा मुलगा, सेक्रेटरिएटात आहे.

वही कशासाठी: तुकोजीची चक्की बंद पाडण्यासाठी.

मी सूड घेणारी बाई नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको.

हकीकत अशी. चैत्रात तुकोजीने शेजारचं घर घेतलं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून पिठाची चक्की बसवली, इलेक्ट्रिकची. भिंत दोघांत एक. आमच्या बाजूने भिंतीला फळी, फळीवर कैरीच्या लोणच्याची बरणी, सासूबाईंच्या वेळची. चक्कीच्या हादऱ्याने बरणी रोज केसभर पुढे सरकत होती. मी चार महिने बघत होते. मागे ढकलणार नव्हते. ज्याने सरकवली त्याने ढकलावी. काल पडली. वर्षाचं लोणचं चुलीपुढे.

जाब विचारायला गेले. तुकोजीने पिठाचे हात जोडले आणि म्हणाला, काकीसाहेब, बरणी जुनी होती, जुन्या चिजा जपून एका बाजूला ठेवाव्यात. दळणाचे डबे घेऊन सहा बाया उभ्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. कोण कोण हसलं ते शेवटच्या पानावर नावानिशी लिहिलं आहे.

ठरलं. आजपासून तुकोजीचं पीठ ह्या घरात येणार नाही. मी जात्यावर दळीन. आणि दिवाळीच्या आधी म्युनिसिपालिटीतून त्याचं लायसन नवं होतं, ते यंदा होणार नाही.

श्रावण वद्य ४.

जात्यावर बसले. अर्धा शेर गहू. मनगट धरलं. माझ्यात कमी नाही, जात्याला टाकी लावायला झाली आहे.

सुनेला, लीलाला, छावणीतल्या चक्कीवर पाठवलं. तिथपर्यंत मैलभर तरी असेल. चहाला आधण येईपर्यंत परत आली. पायाची चपळ आहे एवढं मान्य. पीठ मऊसूत. तुकोजीने असं दळून दाखवावं.

श्रावण वद्य ७. सकाळी.

मेल्याने रात्रभर चक्की चालवली. घरघर, घरघर, थांबणं माहीत नाही. डोळ्याला डोळा नाही.

चहाच्या वेळी सांगितलं. लीला पातेल्यात तोंड घालून काहीतरी बोलली. ह्या घरात सगळ्यांना हा रोग लागला आहे, ओठातल्या ओठात बोलायचं. शेवटी नात, बेबी, जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, जीजी, आई म्हणते चक्की सात वाजता बंद होते. म्हटलं, तुझ्या आईला सांग, कान उघडे ठेव. माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. नाक्यावर कोणाचा टांगा आला ते मी घरातून सांगायची.

हल्ली टांगे कमी झाले आहेत. नाक्यावर येतच नाहीत.

श्रावण वद्य ११.

म्युनिसिपालिटीत गेले, बेबीला घेऊन. दत्तोपंत म्हणून इन्स्पेक्टर आहेत, काळी टोपी, गोरे, पोट आलेलं. साहेब होऊन तेही पुटपुटतात. बेबीने समजावलं ते असं: ऐसा है बाईसाहेब, आवाजाची तक्रार घेऊन जो तो येतो. तुम्हाला मोठा वाटतो, त्याला वाटत नाही, मी कोणाचं खरं धरू? मोजून आणा, मी लायसन थांबवतो.

मोजून आणा म्हणे. आवाज काय गहू आहे पायलीने मोजायला.

घरी येऊन अच्युतला सांगितलं, तर तो म्हणाला, मोजता येतो की जीजी. तो कॉलेजात फिजिक्सला डेमॉन्स्ट्रेटर आहे. त्यांच्या प्रोफेसरांनी कापडाच्या गिरण्यांतला खडखडाट मोजायला विलायतेहून मशीन मागवलं आहे. साउंड लेव्हल मीटर. आवाज किती ते काट्यावर दिसतं आणि कोणाच्या बापाला नाही म्हणता येत नाही.

हा मुलगा मला पहिल्यापासून आवडतो.

भाद्रपद शुद्ध २.

मशीन अपुरं आहे. आवाज पकडणारा मायक्रोफोन आहे, काट्याची पेटी आहे, पण दोघांच्या मधला प्री-अँप्लिफायर बोटीवर फुटला. अच्युत तो स्वतः बनवतो आहे. आमच्याच ओट्यावर, तारांना कथलाचा डाग देत. साऱ्या घराला राळेचा वास.

विचारलं, ह्याच्याशिवाय चालत नाही का? तार लांब कर आणि जोड सरळ. तर त्याने समजावलं (जवळ येऊन, नीट, तो एकटा नीट बोलतो). म्हणाला, मायक्रोफोनचा आवाज इतका अशक्त असतो की तारेतून पेटीपर्यंत जाता जाता मरतो. म्हणून अगदी त्याच्या गळ्याशी प्री-अँप बसवायचा. तो तिथल्या तिथे उचलून घेतो आणि दमदार करून पुढे पाठवतो.

म्हटलं, कळलं. लीला पुटपुटते आणि बेबी माझ्याजवळ येऊन मोठ्याने सांगते, तसं.

अच्युतने डाग द्यायचं हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाला, हो जीजी, अगदी तसंच.

भाद्रपद शुद्ध ९.

प्री-अँप झाला. पितळी नळकांडं आहे, वीतभर, आत व्हॉल्व्ह म्हणून काचेची नळी, ती दिव्यासारखी लाल होते. पुढच्या टोकाला मायक्रोफोन घट्ट बसतो.

ट्रायल घेतली. काटा पिसाटल्यासारखा नाचायला लागला. अच्युतने सगळ्यांना गप्प बसवलं तरी नाचतोच. म्हणाला, ओल आहे. नळकांड्याच्या तोंडाशी जरा दमट झालं, नुसतं बोटाचा घाम लागला, तरी तिथून वीज पाझरते आणि नसता आवाज दाखवते. भादव्यात काही खरं नाही.

तो कपाळाला हात लावून बसला. दिवाळी काय त्याच्यासाठी थांबणार आहे?

भाद्रपद शुद्ध ११.

मशीन मी दुरुस्त केलं.

परवा तो कॉलेजात गेल्यावर नळकांडं उचललं, पदराने, आणि पापडाच्या डब्यात ठेवलं. घरात सगळ्यात कोरडी जागा तीच. वर पापड, खाली पापड. संध्याकाळी घरभर शोधत होता, रडकुंडीला आला, मी सांगितलं नाही. आज काढून दिलं. काटा एकदम शहाण्यासारखा उभा. टाळी वाजवली की हलतो, नाही तर गप्प.

अच्युत म्हणाला प्रोफेसरांना सांगतो. सांगच म्हटलं.

माझा ह्या नळकांड्यावर आता पूर्ण भरवसा आहे. तुकोजी दत्तोपंतांना फिरवेल, गल्लीतल्या बायांना फुकट दळून देईल. ह्याला काय देणार?

भाद्रपद वद्य ५. मानपुर.

लेकीकडे आले, कुमुदिनीकडे. आठ दिवस शांतता मिळेल, डोकं थंड करून पुढचा बेत करू, असा विचार.

इथेही चक्की आहे.

कुमुदिनी म्हणते चक्की नाही, मुंबईच्या सडकेवर ट्रक चालतात. ट्रक येतो आणि जातो. हे जात नाही. जावयांनी सायकल बाजूला ठेवून मला साऱ्या गावातून फिरवलं, बघा आई, कुठे आहे चक्की? एक पानवाला, एक टायरवाला, दोन ढाबे. म्हटलं, लपवली असेल. तुकोजीचा कोणी चुलता मानपुरात असणार. ह्या लोकांचं जाळं किती लांबवर आहे ते लिहून ठेवते.

कुमुदिनी जेवताना म्हणाली, आई, कान दाखवून घे ना एकदा. तोंडासमोर म्हणाली म्हणून कळलं. लेकी परक्या होतात त्या अशा.

भाद्रपद वद्य ८.

परत आले. चौथ्याच दिवशी. घरघर ऐकत झोपायचं तर निदान आपल्या घरची ऐकावी.

लीलाने छावणीतल्या पिठाच्या पोळ्या केल्या. मी पाच खाल्ल्या.

आश्विन शुद्ध १. घट बसले.

दत्तोपंत यायला तयार आहेत. दिवस तुम्ही ठरवा, मी रजिस्टर घेऊन येतो आणि जो आकडा निघेल तो लिहितो, असं म्हणाले. मात्र एकदाच येणार.

अच्युत म्हणाला सोमवारी करू. सोमवार काय? असल्या कामाला दिवस बघावा लागतो. मी ठरवला: दसरा. साडेतीन मुहूर्तांतला, पंचांग उघडायला नको. ह्यांच्या घराण्यात मोहिमेला निघायचे ते ह्याच दिवशी, होळकरांच्या पागेत तीन पिढ्या झाल्या. शत्रूवर जायचं तर दसऱ्याला.

अच्युत काहीतरी बोलायला लागला, हात हलवून हलवून, दसरा आणि चक्की असं काहीतरी. बेबी शाळेत होती, त्यामुळे काय म्हणाला ते कळलं नाही. म्हटलं, मला शिकवू नकोस, झालं ठरलं. त्याने हात खाली घेतले. मोठ्यांचा मान ठेवतो.

दत्तोपंत सुट्टीच्या दिवशी म्हणून जरा कुरकुरले. श्रीखंड-पुरी सांगितल्यावर कुरकुर थांबली.

गल्लीत सगळ्यांना निरोप धाडला. त्या सहाजणींना पहिला.

आश्विन शुद्ध ९. खंडेनवमी.

ह्यांची तलवार काढली, लीलाने पूजा केली. तलवारीशेजारी मी नळकांडं मांडलं. हळदकुंकू लावायला अच्युतने दिलं नाही, ओल लागेल म्हणाला. झेंडूचं एक फूल जवळ ठेवलं, न लागेल असं.

भिंतीपलीकडे घरघर चालूच. आज तर जास्तच. खंडेनवमीला माणूस हातातलं हत्यार खाली ठेवतो, यंत्र धुऊनपुसून पुजतो. ह्याला तेही नाही. धर्म बुडवला मेल्याने. उद्या दत्तोपंतांना हेही सांगणार.

दसरा. संध्याकाळी.

घडलं तसं लिहिते.

नऊ वाजता दत्तोपंत आले. स्वयंपाकघरात भिंतीपासून हातभर अंतरावर अच्युतने स्टँड उभा केला, त्यावर नळकांडं, खाली पेटी. दारात, खिडकीत गल्ली जमली. सहाच्या सहा आल्या होत्या. मी नवीन लुगडं नेसले होते.

अच्युतने आधी मायक्रोफोन काढून नळकांड्यावर झाकण बसवलं. म्हणाला, बाहेर काही नसलं तरी प्री-अँपची स्वतःची थोडी कुरकुर असते, ती आधी बघावी लागते, म्हणजे ती चक्कीच्या नावावर जात नाही. चोवीस. दत्तोपंतांनी लिहिले. मग मायक्रोफोन लावला. सगळे श्वास धरून. काटा जरासा उठला आणि बसला.

एक्केचाळीस, अच्युत म्हणाला.

म्हटलं, एक्केचाळीस हजार ना?

नुसते एक्केचाळीस. डेसिबल. जवळ येऊन म्हणाला, जीजी, एवढा आवाज रिकाम्या खोलीलाही असतो.

म्हटलं, मशीन बघ नीट. चक्की पूर्ण जोरात चालू आहे आणि हा काटा झोपला आहे. गल्लीला विचारलं, सांगा, ऐकू येते की नाही घरघर? पुन्हा विचारलं. त्या सहाजणींकडे बोट करून विचारलं.

बेबी माझ्या कानाशी आली. मोठ्याने म्हणाली, जीजी, चक्की कालपासून बंद आहे. पूजा आहे ना.

म्हटलं, मग हे काय ऐकू येतं आहे?

दत्तोपंतांनी विचारलं, काय येतं आहे?

घरघर, मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. सहाजणींतली एकसुद्धा नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तडक तुकोजीकडे गेले. दार उघडंच होतं. चक्कीला झेंडूची माळ, पट्ट्यावर कुंकवाचं बोट, खाली रांगोळी. चक्कीच्या वरच्या दगडावर हात ठेवला. गार. हाताखाली काही हलत नव्हतं. घरघर चालू होती. हात उचलला, चालू. दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबले, तर आणखी वाढली.

तुकोजी मागे उभा होता. आपट्याचं पान हातात दिलं, सोनं घ्या काकीसाहेब, आणि वाकून पाया पडला. घ्यावं लागलं. दसऱ्याचं सोनं नाही म्हणता येत नाही.

दत्तोपंतांनी दोनदा श्रीखंड घेतलं. रजिस्टरात लिहिलं: तक्रारदार बाईंनी स्वतः निवडलेल्या दिवशी व वेळी आवाज मोजला, एक्केचाळीस, उपद्रव आढळला नाही. खाली माझी सही मागितली. केली. अक्षर चांगलं आलं.

माझं मत: नळकांड्यात बिघाड आहे. गेल्या आठवड्यात डब्यातले पापड निम्मे संपले, तेव्हाच दमट झालं असणार.

आश्विन शुद्ध १३.

मला फसवून डॉक्टरकडे नेलं. बेबीचा कान दुखतो, जीजी तू बरोबर चल, असं सांगून. तिथे गेल्यावर बेबी खुर्चीवर बसेना, मलाच बसवलं.

डॉक्टरांनी दिवा लावून आत बघितलं, लीलाला बोलावून दाखवलं, मग कंपाउंडरला बोलावून दाखवलं. कोमट पाण्याची पिचकारी मारली. दोन्ही कानांतून मळाचे गोळे निघाले, हरभऱ्याएवढे. बशीत घालून माझ्यापुढे धरले. मी ओळख दिली नाही.

घरघर थांबली.

सरळ थांबली, कोणी बटण दाबावं तशी. मी खुर्चीत बसूनच राहिले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. मला वाटत होतं घड्याळांची टिकटिक गेल्या एकदोन वर्षांपासून बंद झाली आहे, नवीन पद्धतीची येतात म्हणून.

परत येताना टांग्यात लीला बेबीशी बोलत होती. पुटपुटत नाही. चांगला खणखणीत आवाज आहे तिचा. म्हणाली, एवढं होऊनही उद्या म्हणेल डॉक्टरलाच तुकोजीने पैसे चारले. मी बाजूलाच बसले होते. तिला सवय झाली आहे मला ऐकू येत नाही ह्याची. मी रस्त्याकडे बघत राहिले आणि सगळं ऐकून घेतलं, आमच्या दारापर्यंत. बरंच होतं.

नाक्यावर तीन टांगे उभे होते.

आश्विन शुद्ध १४. सकाळी ८.

चक्की सुरू झाली.

खरी.

एवढा आवाज असतो हा? मांडणीतली ताटं थरथरतात. चुलीपुढे बसलं की दातांत येतो. मी ह्या वहीत जे लिहिलं ते निम्मंसुद्धा नव्हतं. आणि सातला बंद होते, हे खरं आहे, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात म्हणजे काय थोडं झालं?

लीलाला सांगितलं, ऐक, केवढा आवाज आहे. ती म्हणाली, हो जीजी. अच्युतला सांगितलं, हो जीजी. ज्या आवाजात वेड्या माणसाला हो म्हणतात त्या आवाजात. आता मला आवाजातला फरक कळतो, हा एक तोटा झाला आहे.

म्हटलं, मशीन परत आण. आज, आत्ता. मशीन प्रोफेसर गिरणीत घेऊन गेले, लूमच्या खात्यात चार महिने राहील. नळकांडंसुद्धा? नळकांडंसुद्धा. उत्तम चालतं म्हणे.

बाहेर ओट्यावर जाऊन त्या सहांपैकी दोघींना धरलं. विचारलं, चक्कीचा आवाज येतो की नाही, खरं सांगा. येतो काकी, येतो, म्हणाल्या, आणि माझा कोपर धरून मला घरात आणून बसवलं.

दुपारी लीला स्वयंपाकघरातून बेबीला म्हणाली, पीठ संपलं, पटकन तुकोजीकडे डबा टाकून ये, जीजी झोपली आहे.

म्हणजे छावणीबिवणी काही नव्हतं. श्रावणापासून त्याचंच.

मऊ असतं, त्यात वाद नाही.

आश्विन वद्य ८.

तुकोजीचं लायसन नवं झालं. एवढंच नाही. दत्तोपंतांच्या त्या कागदाची नक्कल काढून त्याने अर्ज केला, की शेजाऱ्यांनीच मोजून घेतलं आहे, उपद्रव नाही. दुसऱ्या चक्कीची परवानगी मिळाली. मसाल्याची. नक्कल काच लावून दुकानातल्या वजनकाट्याच्या वर टांगली आहे. माझी सही लांबून वाचता येते.

आश्विन वद्य ११. संध्याकाळी.

आज नवी चक्की बसली. तुकोजी सकाळी बोलवायला आला. काकीसाहेब, गल्लीत सगळ्यांत मोठ्या तुम्ही, नारळ तुमच्या हातून फुटला पाहिजे. आणि मागे वळून अच्युतला म्हणाला, भिया, तुम भी आना.

जाणार नव्हते. पण न जावं तर गल्ली म्हणेल म्हातारीला बोलावणं ऐकू आलं नाही. शिवाय आत जाऊन पाहणी करायची होती, पुढच्या सालच्या अर्जासाठी. पाहणी केली. पहिली चक्की भिंतीपासून दोन हातांवर आहे, दुसरी एका हातावर.

नारळ हातात घेतला, हलवून बघितला, पाणी कमी वाटलं. नासका निघू दे, असं मनात एकदा म्हटलं. एकदाच. फोडला. पांढराशुभ्र निघाला, गोड पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या सहाजणींनी जास्त. तुकोजीने बटण दाबलं आणि अर्धी वाटी माझ्या हातात दिली.

घरी आणून चटणी केली. हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडी साखर. पाटावर सगळे बसले. लीलाने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि चटणीबद्दल काहीतरी म्हणाली.

भिंतीपलीकडे दोन्ही चक्क्या चालू होत्या. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.